रत्नमालाबाईंच्या प्लेटी

“एक्केचाळीस नंबर कुणाचा म्हणालात, सर?” रत्नमालाबाईंनी मधेच विचारलं आणि हातातलं फडकं टेबलावर ठेवलं.

फोन डॉ. तनुजा औताडे यांच्या हातात होता, पण तो स्पीकरवर टाकलेला असल्यामुळे सूक्ष्मजीवशास्त्र विभागाच्या मीडिया रूममध्ये, म्हणजे जंतूंचं खाद्य शिजवतात त्या खोलीत, सगळ्यांना ऐकू येत होता. सगळे म्हणजे त्या दोघीच. पलीकडून खुलताबादजवळच्या एका शाळेचे बद्रीनाथ सर बोलत होते. उद्या, विज्ञान दिनाला, त्यांची सातवीची मुलं बसनं विद्यापीठात यायची होती. एक्केचाळीस ठरली होती, आणि आता सर म्हणत होते की चाळीसच धरा, नाश्ता वाया जायला नको.

“ती मेघा हो. उसावरून आलेली नवी पोरगी. येत नाय म्हणती.” सर हसले. “तुमचे फोटो आज वर्गात पडद्यावर लावले ना. चाळीस जणांची प्लेट साबणानं हात धुतल्यावर एकदम साफ, अन् हिची धुवायच्या आधी जेवढी घाण तेवढीच नंतर. म्या सहज म्हणलं, बाई, साबण लावला व्हता का नुसता दाखवला हाताला? पोरं लई हसली. आता रुसून बसलीय.”

बद्रीनाथ सर वाईट माणूस नव्हते. विद्यापीठाचा कार्यक्रम आपल्या शाळेत व्हावा म्हणून त्यांनी चार महिने पाठपुरावा केला होता आणि परवा प्रत्येक पोराचं बोट स्वतः धरून प्लेटीवर टेकवलं होतं. त्यांनी एक साधा विनोद केला आणि तो चांगला झाला, एवढंच त्यांच्या लेखी घडलं होतं. तनुजानंही फोनवर जरासं हसून घेतलं. रत्नमालाबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या आणि इन्क्युबेटरकडे, म्हणजे प्लेटी उबेला ठेवतात त्या कपाटाकडे गेल्या.

रत्नमालाबाई हिवराळे या विभागात एकतीस वर्षं होत्या आणि उद्या निवृत्त व्हायच्या होत्या. हुद्दा प्रयोगशाळा परिचर. काम थोडक्यात सांगायचं तर जंतूंचा स्वयंपाक. अगार नावाची पूड पाण्यात शिजवायची, तिच्यात जंतूंना मानवेल तो अर्क घालायचा, ते सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबावर चालणाऱ्या मोठ्या कुकरमध्ये पंधरा मिनिटं ठेवून निर्जंतुक करायचं आणि गरम असतानाच काचेच्या चपट्या प्लेटींत ओतायचं. थंड झालं की त्याचा जेलीसारखा थर धरतो. त्यावर बोट टेकवा, झाकण लावा आणि एक दिवस उबेला ठेवा. बोटावर जे डोळ्यांना दिसत नव्हतं ते ठिपक्याठिपक्यांनी उगवून वर येतं. बाईंचे यजमान राजकुमार औरंगपुऱ्यात झेरॉक्सचं दुकान चालवतात. ते ओळख करून देताना सांगत की आमच्या मंडळींची विद्यापीठात खानावळ आहे, गिऱ्हाईक तेवढं दिसत नाही.

खानावळीचे नियम मात्र कडक होते. प्लेटी ओतताना पंखा बंद आणि तोंडही बंद. आणि प्रत्येक फ्लास्कमधून ओतलेली एक प्लेट कुणीही बोट न लावता तशीच उबेला ठेवायची. पुस्तकात तिला कंट्रोल म्हणतात. बाई तिला ‘कोरी’ म्हणत आणि त्यांच्यामुळे अख्खा विभाग कोरी म्हणायला लागला होता. कोरीवर काही उगवलं नाही तर बाकीच्या प्लेटी खऱ्या. कोरीवर उगवलं तर स्वयंपाकच नासका निघाला. मग बाकीच्यांवर काय आलंय ते वाचायचंच नाही. संशोधन करणारी मुलं आपल्या मार्गदर्शकांना जेवढी भीत नसत तेवढी बाईंच्या “कोरी दाखव” या दोन शब्दांना भीत.

तनुजा स्वतः एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला असताना तिनं एकदा उगवलेली कोरी बेसिनखाली लपवली होती. बाईंना ती सापडली. त्यांनी तिच्या मार्गदर्शकांना सांगितलं नाही, पण साठ प्लेटी घासायला लावून सगळा प्रयोग पहिल्यापासून करायला लावला. आता तनुजा त्याच विभागात प्राध्यापक होती. शाळेतल्या पोरांना जंतू दाखवायला निघावं ही कल्पना तिची, आणि गेल्या दोन वर्षांत बारा शाळांमधून दोघींनी मिळून तो कार्यक्रम केला होता. उद्या विद्यापीठाची समिती येऊन तो बघणार होती. समितीनं होकार दिला तर पुढच्या वर्षी चाळीस शाळा. त्याच कार्यक्रमात बाईंना शाल-श्रीफळ देऊन निरोपही द्यायचा होता, म्हणजे एका मंडपात दोन कार्यं उरकायची होती.

बाईंनी एक्केचाळीस नंबरच्या दोन्ही प्लेटी काढल्या आणि खिडकीपाशी नेल्या.

बोटाची प्लेट कशी दिसते हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. चार बोटं टेकली की चार ठसे उमटतात, आणि जे उगवतं ते त्या ठशांवर. कडेची जागा रिकामी राहते, कारण तिथं कुणी शिवलेलंच नसतं. या दोन प्लेटींवर तसं नव्हतं. पांढुरके ठिपके सगळीकडे सारखे पसरले होते. बोटं टेकली तिथंही, न टेकली तिथंही, अगदी काचेच्या काठापर्यंत. प्लेट तिरकी धरली तर थराच्या पोटातसुद्धा ठिपके दिसत होते, आणि थराच्या पोटात कुणाचं बोट जात नाही.

“मॅडम, ह्या प्लेटीचा फोटो पाठवायच्या आधी तुमी तिला उजेडात धरून बघितलं का?” त्यांनी विचारलं.

तनुजानं फोन ठेवला होता. तिनं खरं ते सांगितलं. ब्याऐंशी प्लेटी होत्या, घाई होती, सर फोटोंसाठी मागं लागले होते; टेबलावर ओळीनं मांडून फोटो काढले आणि पाठवून दिले. मग तीही खिडकीपाशी आली, बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

बाईंना परवाची सकाळ आठवली. खरं तर ती विसरलीच नव्हती, नुसती बाजूला सारून ठेवली होती. चाळीस पोरांच्या ऐंशी प्लेटी आदल्या दिवशीच ओतून, कोऱ्या तपासून, डब्यात भरून तयार होत्या. सकाळी साडेसातला सरांचा फोन आला की एक मुलगी वाढली, पटावर तिचं नाव नव्हतं, ऊसतोडीला गेलेल्या आई-बापाबरोबर साखर कारखान्यावरून परत येऊन तिला आठच दिवस झालेत. तनुजा म्हणाली होती की राहू द्या, ती दुसऱ्या कुणाबरोबर बघेल. पण आलेलं लेकरू प्लेटीशिवाय परत जाता कामा नये हा बाईंचा स्वतःचा नियम होता, त्यामुळे त्यांनी लगेच एक लहान फ्लास्क शिजवून ऑटोक्लेव्हला लावला. दाब चढला, चार मिनिटं झाली आणि लाइट गेली. ती वीस मिनिटांनी आली. तोवर दाब उतरला होता आणि बाहेर गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

अशा वेळी काय करायचं हे बाईंनी तीन पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. झाली ती मिनिटं धरायची नाहीत. आतली हवा पुन्हा सोडायची, नाहीतर वाफ पुरती तापत नाही; दाब पुन्हा चढू द्यायचा आणि घड्याळ शून्यापासून लावायचं. त्या दिवशी बाईंनी हवा सोडली नाही आणि झालेली चार मिनिटं धरली. उरलेली अकरा दिली. फ्लास्कमधून पाच प्लेटी झाल्या. दोन मेघाला दिल्या, तीन परत आल्या. त्यातली एक कोरी म्हणून उबेला ठेवायची होती, पण आल्या आल्या कार्यालयातून निवृत्तीच्या कागदांवर सह्या करायला बोलावणं आलं आणि तिन्ही प्लेटी फ्रिजमध्येच राहिल्या. एकतीस वर्षांत जे एकदाही केलं नव्हतं ते त्यांनी शेवटच्या आठवड्यात, एकाच दिवसात दोनदा केलं होतं.

त्या स्टुलावर बसल्या. तनुजानं पाणी आणलं, ते त्यांनी नुसतंच हातात धरलं. त्यांना स्वतःचा राग आला होता, पण त्याहून जास्त काही तरी दुखत होतं. त्यांच्या गावच्या शाळेत सोमवारी हात बघायचा कार्यक्रम असे. गुरुजी रांगेनं नखं बघत यायचे. रत्नमालेचे आणि तिच्या वस्तीवरच्या दोन मुलींचे हात सगळ्यात शेवटी, लांबून, पट्टीनं पालथे करून बघितले जायचे. आई पहाटे राख लावून तिचे हात घासायची, कोपरापर्यंत, लाल होईपर्यंत. तरी गुरुजी काही तरी बोलायचे आणि वर्ग हसायचा. हात स्वच्छ होते हे तिला माहीत होतं, आईला माहीत होतं, बहुधा गुरुजींनाही माहीत होतं. पण ते दाखवायचं कसं हे कुणालाच माहीत नव्हतं. पन्नास वर्षं झाली तरी ते हसू त्यांच्या कानातून गेलेलं नव्हतं. आणि आता तेच हसू त्यांच्याच प्लेटीनं दुसऱ्या एका पोरीच्या वाट्याला आणलं होतं.

“हिला उगाच हसले सगळे, मावशी,” तनुजा म्हणाली. “मी सरांना आत्ता फोन करते आणि सांगते की प्लेट खराब होती.”

“आत्ता नगा सांगू. आत्ता मला तसं वाटतंय, माहीत नाय.” बाई उठल्या, फ्रिजमधून त्या तीन प्लेटी काढल्या, तारीख-वेळ लिहिली आणि उबेला ठेवल्या. “ह्या तिन्हींना कुणी बोट लावलेलं नाय. उद्या सकाळी ह्याच सांगतील.”

सरांना फोन मात्र त्यांनी लावायला लावला, आणि स्वतः बोलल्या. मेघाला घेऊनच या, म्हणाल्या. सर म्हणाले की ती ऐकणार नाही, तिची आई कडूबाईसुद्धा म्हणते राहू द्या, लेकराला कशाला चारचौघांत नेता.  बाई म्हणाल्या, “तिला सांगा, सगळ्यांच्या प्लेटी मला समजल्या, तिची एकटीची समजली नाय. विद्यापीठातल्या बाईला तिच्याशी बोलायचंय. एवढंच सांगा, दुसरं काय जोडू नगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्या भावसिंगपुऱ्यातून नेहमीसारख्या चालत निघाल्या. शेवटचा दिवस म्हणून राजकुमार दुकान उघडायचं सोडून गेटपर्यंत सोडायला आले, वाटेत त्यांनी दोन-तीन विनोद केले, पण बाईंचं लक्ष प्लेटींकडे होतं. बाईंनी विभागाचं कुलूप स्वतः काढलं. दिवा लावायच्या आधी त्यांनी इन्क्युबेटर उघडला.

तिन्ही प्लेटी भरल्या होत्या. तेच पांढुरके ठिपके, काठापर्यंत, पोटापर्यंत. बोट न लावता.

तनुजा नऊला आली तेव्हा बाईंनी त्या तीन आणि मेघाच्या दोन अशा पाचही प्लेटी ट्रेमध्ये मांडून ठेवल्या होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. कार्यक्रमात, सगळ्या पोरांसमोर, समितीसमोर हे सांगायचं. तनुजानं खुर्ची ओढली आणि बसली. ती लबाड नव्हती, पण दोन वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती. तिनं आपली बाजू नीट मांडली. समितीत निम्मे लोक आधीच म्हणतात की शाळेत जंतू नेणं धोक्याचं आहे. त्यांना आयतं कोलीत मिळेल. चाळीस शाळा जातील. मेघाला आपण बाजूला घेऊन सांगू, तिच्या आईला सांगू, सर वर्गात सांगतील. आणि बाईंचा स्वतःचा निरोप आहे, लोक काय लक्षात ठेवतील?

“मी तुमच्यासाठीच म्हणतेय, मावशी,” ती शेवटी म्हणाली.

“ते मला कळतं.” बाईंचा आवाज चढला नव्हता. “पण तिला बाजूला घेऊन हसले नव्हते ना, मॅडम. सगळ्यांच्या पुढं हसले. मग सांगायचंबी सगळ्यांच्याच पुढं.”

तनुजानं ट्रेमधली एक प्लेट उचलून उजेडात धरली. बेसिनखालची ती कोरी दोघींनाही आठवत होती, पण बाईंनी तो विषय काढला नाही आणि काढायची गरजही नव्हती. “तुम्हीच बोला मग,” तनुजा म्हणाली आणि हॉल बघायला निघून गेली.

साडेदहाला बस आली. बाई दारातच उभ्या होत्या. मुलं जोडीजोडीनं उतरली आणि सगळ्यात शेवटी, सरांच्या मागून, एक किडकिडीत मुलगी उतरली. गणवेश नवा होता आणि दोन मापं मोठा होता. बाईंनी तिला ओळखलं. शाळेत तिनं प्लेटीवर बोटं टेकवताना इतरांसारखं खिदळणं केलं नव्हतं, जेली किती दबते ते बघितलं होतं. आता ती दोन्ही हात ओढणीत गुंडाळून उभी होती.  बाईंनी तिला पहिल्या रांगेत बसवलं, आणि का ते सांगितलं नाही.

हॉलमध्ये विभागप्रमुख बोलले, मग समितीचे अध्यक्ष बोलले. विज्ञान समाजापर्यंत पोचलं पाहिजे, असं दोघंही म्हणाले. एक छायाचित्रकार फिरत होता. मग प्रमुखांनी जाहीर केलं की आता आपण आपल्या रत्नमालाबाईंचा सत्कार करू, ज्यांची प्लेट एकतीस वर्षांत कधी खराब निघाली नाही. टाळ्या झाल्या. प्रमुखांनी शालीची घडी मोडली. बाई ट्रे घेऊन व्यासपीठावर गेल्या आणि म्हणाल्या की साहेब, शाल जरा थांबवा, आधी दोन मिनिटं मला बोलू द्या.

त्यांना भाषणाची सवय नव्हती, पण भीतीही वाटत नव्हती. माइक त्यांनी घेतला नाही.

“पोरांनो, ह्या प्लेटी मी करते,” त्या म्हणाल्या. “तुमच्या शाळेत आले त्या सकाळी लाइट गेली तवा मी घाई केली. पंधरा मिनिटं पुरी द्यायची ती दिली नाय. त्या फ्लास्कच्या पाच प्लेटी झाल्या. दोन मेघाला गेल्या, उरलेल्या तीन ह्या इथं हायेत. ह्यांना कुणीच बोट लावलेलं नाय. कुणीच नाय. बघा काय उगवलंय ते.”

चिकटपट्टी लावून बंद केलेल्या पाचही प्लेटी त्यांनी पहिल्या रांगेत दिल्या आणि मागं सरकवत न्यायला सांगितल्या. मुलं त्या उजेडात धरून बघायला लागली. हॉलमध्ये जरा कुजबुज झाली.

“म्हणजे काल तुमच्या वर्गात पडद्यावर जे दिसलं ते मेघाच्या हाताचं नव्हतं. ते माझं होतं. तुमी तिला हसलात. हसायचं होतं तर मला हसायचं.”

कुणी हसलं नाही. छायाचित्रकारानं कॅमेरा खाली केला. बद्रीनाथ सर जमिनीकडे बघत होते. समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं की असं याआधी किती वेळा झालं आहे.

“मला कळलेलं एकदाच, साहेब. हेच,” बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी वहीत काही तरी लिहिलं. विभागप्रमुख हातात उघडी शाल घेऊन तसेच उभे होते, आणि ती पुन्हा घडी करावी की पुढं न्यावी हे त्यांना ठरवता येत नव्हतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून मेघा उठली. पाचही प्लेटी फिरून तिच्याकडे परत आल्या होत्या आणि तिनं त्या मांडीवर ओळीनं ठेवल्या होत्या. उठताना त्या सांभाळून खुर्चीवर ठेवल्या.

“बाई, मग मपला हात कसाय ते कळलंच नाय की अजून,” ती म्हणाली.

सरांनी तिला हळूच दटावलं की झालं ना आता, खाली बस. पण ती बसली नाही. तिला रडू आलेलं नव्हतं आणि तिला कुणाची कीवही नको होती. प्लेट खोटी होती, म्हणून हात स्वच्छ ठरत नाही. हात कसा आहे हा प्रश्न जिथल्या तिथंच होता आणि त्याचं उत्तर तिला हवं होतं.

“बसवू नगा तिला, सर,” रत्नमालाबाई म्हणाल्या. “आज सकाळपासून इथं सगळ्यात बरोबर तीच बोलली.” आणि हे म्हणताना त्यांना इतका आनंद झाला की आपली आत्ताच चारचौघांत शोभा झाली आहे हे त्या विसरून गेल्या.

शाल शेवटी मिळाली, नारळही मिळाला; टाळ्या पहिल्यापेक्षा कमी पण जास्त वेळ वाजल्या. मंजुरी मात्र त्या दिवशी मिळाली नाही. समितीनं लेखी अहवाल मागवला आणि पुढच्या बैठकीची तारीख न सांगता समिती जेवायला गेली. तनुजानं दिवसभर बाईंशी गरजेपुरतंच बोलणं ठेवलं. बाईंना ते लागलं, पण त्यांनी तक्रार केली नाही. त्यांच्या घाईची किंमत तिच्या दोन वर्षांच्या कष्टांनी मोजली होती, आणि हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणालाच कळत नव्हतं.

दुपारी मुलं जेवत असताना बाईंनी मेघाला मीडिया रूममध्ये नेलं. आदल्या आठवड्याच्या, तपासलेल्या प्लेटींपैकी तीन काढल्या. मेघानं ओढणीतून हात बाहेर काढले. पहिल्या प्लेटीवर बोटं टेकवली, मग बाईंनी दिलेला साबण घेऊन हात धुतले. ती बराच वेळ धूत राहिली. बोटांच्या मधली जागा, नखांच्या कडा, मनगट. बाईंनी तिला थांबवलं नाही. मग दुसरी प्लेट. तिसरीला हात लावायचा नाही म्हटल्यावर तिनं विचारलं की कामून, आणि बाईंनी तिला सगळं सांगितलं. ही कोरी. हिच्यावर काही आलं तर तुझ्या दोन्ही प्लेटींचं काही धरायचं नाही, मग त्या कितीही चांगल्या दिसोत. मेघानं ते ऐकून घेतलं आणि तिसऱ्या प्लेटीची चिकटपट्टी स्वतः लावली, दोनदा.

बस निघताना बद्रीनाथ सर बाईंपाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, माझ्या तोंडून गेलं खरं, नको होतं जायला. बाई म्हणाल्या, मला सांगून काय उपयोग, सर. सर मान हलवून बसमध्ये चढले. खिडकीतून दिसलं की ते मागच्या बाकांकडे गेले आणि मेघाच्या बाकापाशी उभे राहून काही तरी बोलले. बस हलली तरी ते उभेच होते.

पावणेसहाला बाईंनी किल्ल्या दिल्या, पावती घेतली आणि शाल पिशवीत घालून घरी गेल्या.

एक मार्चला त्या पुन्हा आल्या. आता त्या विभागात कुणीच नव्हत्या. गेटवरच्या नव्या सुरक्षारक्षकानं कुणाकडे जायचंय म्हणून विचारलं, आणि त्यांनी डॉ. औताडे मॅडमकडे असं सांगितलं. एरवी त्यांना याचं हसू आलं असतं. त्या मधल्या वाटेनं, शिरीषाच्या झाडांखालून चालत विभागात पोचल्या तेव्हा एक वाजत आला होता. मीडिया रूमचं दार उघडं होतं. त्यांच्या टेबलावर दुसऱ्या कुणाचा तरी डबा होता.

तनुजा इन्क्युबेटरपाशी उभी होती. तिनं कपाट उघडलेलं नव्हतं. “एकला टेकवलं होतं ना तिनं,” ती म्हणाली. “चोवीस तास पुरे होऊ दे म्हटलं. आणि वाचायचं तर तुम्हीच वाचा.” कालचा अबोला तिच्या आवाजात होता, पण थोडाच. अहवाल आपण लिहायला घेतला आहे, त्यात सगळं आहे तसं लिहिलंय, हेही तिनं सांगितलं.  बाईंना बरं वाटलं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलंही.

एकला तनुजानं दार उघडलं. बाईंनी तिन्ही प्लेटी खिडकीपाशी नेल्या, एकेक तिरकी धरून बघितली, पेनानं ठिपके मोजले. धुण्याआधीच्या प्लेटीवर सदुसष्ट, चार ठशांवर नीट बसलेले. धुतल्यानंतरच्या प्लेटीवर सहा. तनुजानं नोंदवहीत ते लिहिलं आणि शाळेत फोन लावला. सरांनी उचलला, आणि काही न विचारता म्हणाले की थांबा, तिला बोलावतो, ती सकाळपासून ऑफिसच्या दाराशी चकरा मारतीय. मग पावलांचा आवाज आला, आणि धापा टाकत कुणी तरी फोन घेतला.

“मेघा, मी रत्नमालाबाई,” बाई म्हणाल्या. “तुझ्या प्लेटी वाचल्या. सांगू का?”

“बाई, आधी कोरी सांगा.”

 एकतीस वर्षांत कितीतरी मुलं रत्नमालाबाईंच्या हाताखालून गेली, डॉक्टर झाली, प्राध्यापक झाली. आपल्या प्लेटीच्या आधी कोरी विचारणारं कुणी निघालं नव्हतं, प्रत्येकाला ते विचारायला लावावं लागलं होतं. त्यांनी तिसरी प्लेट उचलली. ती बघून झाली होती, तरी पुन्हा उजेडात धरली आणि कडेपासून कडेपर्यंत बघितली.

“कोरी साफ हाय,” त्या म्हणाल्या.

“मग सांगा आता मपली,” मेघा म्हणाली.